वाफा नंबर नऊ

बावड्यात, पाण्याच्या टाकीमागं,
जिथं आधी मंडळाच्या मांडवाचे बांबू कुजत पडलेले असायचे,
तिथं आता चौदा वाफे आहेत.
पत्र्याच्या तुकड्यांवर ऑइलपेंटनं नंबर.
चारचा आकडा उलटा निघालाय,
कुणी सुधारला नाही.

माझा आठ.
तीस वर्षं के.एम.टी.त तिकिटं फाडली,
मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो.
वांग्याची रोपं अशी कोंबली की वारा जाईना.
दहा नंबरच्या सुलोचनाकाकू मगदूम म्हणाल्या,
"कंडक्टर, स्टँडिंग बंद करा की. बसू द्या सगळ्यांस्नी."
सात उपटली.
उरलेल्यांनी श्रावणात कोपरं बाहेर काढली.

काकूंच्या वाफ्यात दोडका, गवार, पडवळ,
जे मातीच्या वर लागतं तेवढंच.
कांदा नाही, रताळं नाही,
आणि चातुर्मासात मेथीही नाही, तरी
मेथीचं बी सगळ्यांना त्यांच्याच डब्यातून.
नळाला पांढरं फडकं बांधलेलं, तेही त्यांचंच.
पाणी गाळूनच झाडाला.

आषाढात गोगलगाई आल्या, मुठीएवढ्या.
आम्ही मीठ आणलं. काकूंनी पिशवी काढून घेतली,
एकेक उचलून बादलीत, बादली ओढ्याकडं.
दुसऱ्या दिवशी त्याच परत यायच्या.
पासवाले प्रवासी असतात ना,
मला चेहऱ्यानं ओळखू यायच्या.

मधला नऊ अस्लम शिकलगारचा.
सगळ्यांची खुरपी तोच धार लावून द्यायचा,
काकूंची विळीसुद्धा, पैसे न घेता.
दसऱ्यानंतर त्यानं मुळा पेरला, नुसता मुळा,
दोरी लावून तीन ओळी.
पानं चार-चार झाली होती तेव्हा
त्याला रात्री सीपीआरला नेलं.
छातीत.

पाळीच्या वहीत नऊपुढं रेघ मारली.
दोन दिवस कोणी तिकडं गेलं नाही,
मीसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या सकाळी माती ओली.
चौथ्या सकाळी ओली.
पाचव्या सकाळी मी सहालाच गेलो.
कारखान्याचा बॉयलर पेटलेला, हवेत मळीचा वास,
आणि काकू
जन्मात ओठाला न लावलेल्या मुळ्याला
गाळलेलं पाणी घालत होत्या, तांब्यानं, बुडाशी,
देवाला घालतात तसं नाही,
आजाऱ्याला पाजतात तसं.
तण काढायलाही खुरपं नाही. बोटांनी.

मी आडोशालाच थांबलो.
घंटी मारायची सवय, पण मारली नाही.

कार्तिकाच्या शेवटी मुळ्यांचे खांदे मातीवर आले,
पांढरे, थंडीत उघडे पडल्यासारखे.
काकूंनी हाक मारली.
"काय बघालाय? उपटा की. जून झाल्यावर काय करायचं त्याचं?"
आणि टाकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.
मी ओढला.
मुळा निघताना आवाज येतो, बारका,
ओल्या बाटलीचं बूच निघाल्यासारखा.
काकूंच्या पाठीला तो ऐकू गेला असावा.
खड्ड्यात एक गांडूळ उघडं पडलं होतं.
त्या वळल्या, वाकल्या,
मूठभर माती त्याच्यावर लोटली,
मग पुढच्या खड्ड्यावर, मग त्याच्या पुढच्या.
चौतीस मुळे. चौतीस वेळा.

पिशवी मी पोचवली.
रुखसानाभाभींनी पाल्याची भाजी केली,
अस्लमला बिनमिठाची.
त्यानं विचारलं, पाणी कुणी घातलं?
मी म्हणालो, पाळी होती ज्याची त्यानं.

पौषात तो आला. अर्धा झालेला.
उपड्या घमेल्यावर बसला,
नळाच्या फडक्याकडं बघत राहिला बराच वेळ.
त्याची बोटं नऊच्या मातीत होती,
खड्डे कुठं बुजलेत ते चाचपत.

परवा बघतो तर नऊमध्ये
सहा बांबू उभे, वर सुतळीची जाळी.
मुळ्याला बांबू लागत नाहीत.
दोडक्याला लागतात.
कुठं उतरणार, हे सगळ्या गावाला विचारत आलो मी.
ह्याला विचारलं नाही.